नऊ एकांचा वर्ग

भिवंडीतल्या एका शाळेच्या संगणक कक्षात आम्ही नववीच्या मुलांना एक छोटेसे काम दिले होते. हिशेबाच्या तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, आधी ११ चा वर्ग काढा, मग १११ चा, मग ११११ चा, आणि असे करत नऊ एकांपर्यंत जा. उत्तरातले सगळे अंक दिसतील अशी सोय आधीच करून ठेवली होती. पडद्यावर उत्तरे येऊ लागली :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

मुलांना गंमत वाटली. एकेक पायरी चढायची आणि तशीच उतरायची. पुढचे उत्तर संगणकाच्या आधी मुलेच सांगू लागली. आठ एकांच्या वर्गापर्यंत सारे सुरळीत झाले. १२३४५६७८७६५४३२१ हे उत्तर सर्वांनी आधीच वहीत लिहून ठेवले होते. नऊ एकांच्या वेळी मात्र पडद्यावर आले :

१२३४५६७८९८७६५४३००

शेवटी २१ हवे होते, तिथे दोन शून्ये. बहुतेकांनी वहीतले उत्तर खोडून संगणकाचे लिहायला घेतले. एक मुलगी तेवढी खोडायला तयार नव्हती. ती म्हणाली, "सर, ज्या संख्येच्या एकक स्थानी १ आहे, तिच्या वर्गाच्या एकक स्थानी शून्य कसे येईल?"

तिचे म्हणणे बरोबर होते. स्प्रेडशीट कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच जपून ठेवते आणि त्यापुढच्या जागा शून्यांनी भरते. आपली संख्या सतरा अंकी आहे. संगणकाच्या इतर काही आज्ञावलींत हीच संख्या १२३४५६७८९८७६५४३२० अशी दिसते. त्या पद्धतीत २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, याच्या पुढे प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी साठवता येत नाही. आपल्या संख्येच्या आसपास तर फक्त सम संख्याच साठवल्या जातात. अर्थात पूर्ण संख्या कितीही लांबीची हाताळणाऱ्या आज्ञावलीही आहेत. आमच्या वर्गात त्या नव्हत्या. मुलांनी मग कागदावर सरळ गुणाकार मांडला आणि नेमके उत्तर काढले : १२३४५६७८९८७६५४३२१.

या एका संख्येची ओळख करून द्यावी आणि तिच्याशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या एका शाळामास्तरांची आठवण जागवावी, यासाठी हा लेख.

कापड आणि गुणाकार

ही संख्या अशी चढत-उतरत का येते? भिवंडीच्या मुलांना हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. शाळेच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांची खडखड चालूच असते. कापडात उभे धागे असतात तो ताणा, आणि आडवे धागे असतात तो बाणा. तीन उभे आणि तीन आडवे धागे घेतले, तर ते एकमेकांना ९ ठिकाणी छेदतात.

आता १११ ला १११ ने गुणायचे आहे असे समजा. पहिल्या संख्येतला शतकाचा १, दशकाचा १ आणि एककाचा १ हे तीन उभे धागे. दुसऱ्या संख्येतले तसेच तीन आडवे धागे. प्रत्येक छेद म्हणजे एक छोटा गुणाकार. एकक आणि एकक छेदले की १. एकक आणि दशक छेदले की १०. दशक आणि दशक छेदले की १००. पण एकक आणि शतक छेदले तरी १००च. कागदावर आकृती काढली, तर सारख्या किमतीचे छेद एका तिरक्या रेघेवर येतात. ट्विलच्या कापडावर तिरकी रेघ उमटलेली दिसते, तशी ही रेघ डोळ्यांपुढे आणावी. कोपऱ्यापासून मोजत गेले, तर या तिरक्या रेघांवर अनुक्रमे १, २, ३, २, १ छेद सापडतात. उत्तर १२३२१.

नऊ उभे आणि नऊ आडवे धागे घेतले, तर तिरक्या रेघांवरचे छेद १, २, ३ असे ९ पर्यंत वाढतात आणि तसेच १ पर्यंत उतरतात. एकूण छेद ९ × ९ = ८१. म्हणून आपल्या संख्येच्या अंकांची बेरीजही ८१. बेरीज करून खात्री करून घ्यावी. पाठ केलेला गुणाकार आणि समजलेला गुणाकार यांतला फरक या आकृतीने मुलांच्या चटकन लक्षात येतो, असा आमचा अनुभव आहे.

भिवंडीत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, तशा उर्दू आणि तेलुगू माध्यमांच्याही आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. तिच्यात अंक मात्र डावीकडून उजवीकडेच मांडतात. आपल्या संख्येला याने काहीच फरक पडत नाही. ती कोणत्याही टोकाकडून वाचली तरी तीच.

हजार वर्षांपूर्वीचा हार

अशा संख्यांचे वेड नवे नाही. इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. इसवी सन ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ लिहिला. १९१२ साली मद्रासला रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, आणि जगाला त्याची नीट ओळख झाली.

या ग्रंथात गुणाकाराची उदाहरणे देताना महावीराचार्यांनी अशी उत्तरे निवडली आहेत की ती गळ्यातल्या हारासारखी दिसावीत. हार कोणत्याही टोकापासून पाहिला तरी मणी त्याच क्रमाने दिसतात. त्यांचे एक उदाहरण असे :

२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग उतरणारी ही संख्या म्हणजे सहा एकांचा वर्ग. या उदाहरणात आणखी एक खुबी आहे. ४४१ हा २१ चा वर्ग आहे आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा. आता ५२९१ × २१ किती होतात ते पाहा : ११११११. म्हणजे सहा एकांचा वर्ग त्यांनी दोन वर्गांच्या गुणाकारात विभागून दाखवला आहे. त्यांच्याच उदाहरणांत १२३४५६७९ × ९ = १११११११११ हेही आहे. यात ८ हा अंक नाही हे लक्षात ठेवावे. ही आठ अंकी संख्या आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, ११५० साली, भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली. तिच्यात एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत : एक, दश, शत, सहस्र अशी चढत जाऊन शेवटी जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. आपली संख्या सतरा अंकी. तिचा पहिला १ 'मध्य' या स्थानावर येतो. भास्कराचार्यांच्या यादीतले फक्त परार्धाचे स्थान तिच्या पलीकडे उरते.

डोंबिवलीचे स्टेशन, देवळालीची शाळा

भिवंडीहून खाडीचा पूल ओलांडून कल्याणला यायचे आणि मुंबईकडे जाणारी लोकल पकडायची. ठाकुर्ली गेले की डोंबिवली. आज या स्टेशनावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, जी. आय. पी. रेल्वेच्या दिवसांत, मुंबईपासून तीस मैलांवरच्या या स्टेशनावर एका तरुणाच्या मनात एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांचा विचार सुरू झाला. स्टेशनाच्या 'डेम्लो' या तेव्हाच्या नावावरून त्याने त्यांना 'डेम्लो संख्या' म्हटले. गणितात संख्यांना गणितज्ञांची नावे दिलेली पुष्कळ आढळतात. रेल्वे स्टेशनाचे नाव मिळालेल्या संख्या विरळाच.

हा तरुण म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू येथे. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची आवड होती. आकड्यांशी मुलाची ओळख घरातच झाली. माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तिथे असताना १९२७ साली गणितातल्या स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. यापुढची कोणतीही पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत राहिले.

डेम्लो संख्यांवरचे त्यांचे टिपण १९३८ साली 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आले. पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी या संख्यांच्या उपपत्तीवरचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लिहिला. शाळेत पूर्ण वेळ शिकवणाऱ्या, पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या माणसाने हे केले, ही गोष्ट आपण शिक्षकांनी विसरू नये.

डेम्लो संख्या म्हणजे काय? संख्येचे तीन भाग करायचे : डावा, मधला आणि उजवा. डावा आणि उजवा भाग सारख्या लांबीचे. त्यांची बेरीज केली की एकच अंक पुन्हा पुन्हा यायला हवा, आणि मधल्या भागातही तोच अंक हवा. उदाहरणार्थ २५५३. डावीकडे २, उजवीकडे ३, बेरीज ५, आणि मध्ये ५५. एकांच्या वर्गांतून मिळणाऱ्या १, १२१, १२३२१ या मालिकेला कापरेकर 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हणत. १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३ आणि मध्ये ३. १२३४३२१ मध्ये १२३ + ३२१ = ४४४ आणि मध्ये ४. मालिकेच्या टोकाला उभी आहे ती आपली सतरा अंकी संख्या :

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्ये ९.

एका संख्येत तीन शोध

कापरेकरांनी पुढे आणखी काही प्रकारच्या संख्या शोधल्या आणि त्यांना नावे दिली. त्यांतल्या दोन प्रकारांचा आपल्या संख्येशी जवळचा संबंध आहे.

पहिला प्रकार हर्षद संख्यांचा. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. जिच्या अंकांच्या बेरजेने तिलाच पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या. १२ ही हर्षद आहे, कारण १ + २ = ३ आणि ३ ने १२ ला भाग जातो. रामानुजनच्या गोष्टीमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ हीसुद्धा हर्षद आहे; तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. तिला ८१ ने भागून पाहू. महावीराचार्यांच्या उदाहरणाने काम सोपे होते. नऊ एक म्हणजे ९ × १२३४५६७९. म्हणून त्यांचा वर्ग म्हणजे ८१ × १२३४५६७९ × १२३४५६७९. भागाकार पूर्ण जातो आणि उत्तरही एक वर्गसंख्याच येते : १५२४१५७८९९७१०४१. तेव्हा आपली संख्या हर्षदही आहे.

दुसरा प्रकार त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्यांचा. ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन भाग २० आणि २५, बेरीज ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, भाग ८८ आणि २०९, बेरीज २९७. नियम असा : संख्या जितक्या अंकांची, तितके अंक वर्गाच्या उजवीकडून घ्यायचे आणि उरलेल्या डाव्या भागात मिळवायचे. मूळ संख्या परत आली की ती कापरेकर संख्या. आता नऊ नवांचा वर्ग पाहा :

९९९९९९९९९ × ९९९९९९९९९ = ९९९९९९९९८००००००००१

डावा भाग ९९९९९९९९८, उजवा भाग ००००००००१, म्हणजे नुसता १. बेरीज ९९९९९९९९९. म्हणून नऊ नवांची संख्या कापरेकर संख्या आहे. आणि नऊ नव म्हणजे ९ गुणिले नऊ एक. तेव्हा या अठरा अंकी वर्गाला ८१ ने भागले की आपली सतरा अंकी संख्याच हाती येते.

जाता जाता तिचे मूळ अवयवही पाहू. नऊ एक = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. यातले ३, ३७ आणि ३३३६६७ हे तिन्ही अविभाज्य आहेत. आपली संख्या या गुणाकाराचा वर्ग असल्याने तिच्यात ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो. यावरून तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. दहावीच्या मुलांना विभाजक मोजण्याची ही रीत या निमित्ताने शिकवता येते.

दहावा एक

आता प्रश्न असा : दहा एकांचा वर्ग काय येईल? ज्या मुलांनी नऊपर्यंतची उत्तरे न मोजता लिहिली, त्यांना हा प्रश्न जरूर विचारावा. बरीच मुले ९ नंतर १० लिहून मोकळी होतात. खरे उत्तर असे :

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

रांग मोडली. उलटसुलट वाचली तरी सारखी, हा गुण गेला. का गेला, ते धाग्यांच्या आकृतीवरून कळते. मधल्या तिरक्या रेघेवर आता १० छेद आहेत. एका जागी १० मावत नाहीत. ० लिहून हातचा १ पुढे द्यावा लागतो. शेजारच्या ९ मध्ये तो मिळाला की तिथेही १० होतात. पुन्हा ०, पुन्हा हातचा १. त्यापुढच्या ८ चे ९ होतात आणि हातचा थांबतो. म्हणून उत्तरात ७ नंतर ८ न येता ९ येतो, आणि मग दोन शून्ये.

अंकांची बेरीजही बघावी. छेद १०० आहेत, पण अंकांची बेरीज ८२ येते. १८ कुठे गेले? प्रत्येक हातच्याच्या वेळी आपण एका जागेवरून १० काढतो आणि पुढच्या जागी १ ठेवतो. बेरीज ९ ने कमी होते. हातचे दोन झाले, म्हणून १८ कमी. आपण ज्या 'नवांनी उत्तर ताडून पाहण्याच्या' रीतीने गुणाकार तपासतो, तिचे मूळही इथेच आहे.

इथे पुष्कळजण थांबतात. नमुना नऊपर्यंत चालला, दहाला बिघडला, संपले. पण मोडलेल्या संख्येला कापरेकरांचाच नियम लावून पाहू. मूळ संख्या दहा अंकी आहे. तेव्हा वर्गाचे उजवीकडचे दहा अंक घ्यायचे : ०९८७६५४३२१. डावीकडे उरले १२३४५६७९०.

१२३४५६७९० + ९८७६५४३२१ = ११११११११११

दहा एक परत आले! ज्या ठिकाणी अद्भुत डेम्लो संख्यांची रांग संपते, त्याच ठिकाणी एक कापरेकर संख्या उभी आहे.

हा योगायोग आहे का? सिद्धता आठवी-नववीच्या बीजगणितात बसते. दहा एकांना र म्हणू. र ला ९ ने भागले की भागाकार १२३४५६७९० येतो आणि बाकी १ उरते. या भागाकाराला क म्हणू. म्हणजे

र = ९क + १

दोन्ही बाजूंना र ने गुणू :

र × र = ९र × क + र

पण ९र म्हणजे दहा नव, म्हणजेच १०००००००००० वजा १. ही किंमत घातली की

र × र = १०००००००००० × क + (र − क)

एकावर दहा शून्ये असलेल्या संख्येने क ला गुणले, की क डावीकडे दहा जागा सरकतो. म्हणून वर्गाचा डावा भाग क आणि उजवा भाग र − क. त्यांची बेरीज र. सिद्धता पूर्ण झाली. सगळी किल्ली 'बाकी १' मध्ये आहे. दहा एकांच्या अंकांची बेरीज १०, आणि १० ला ९ ने भागले की बाकी १ उरते. नऊ एकांच्या बाबतीत बाकी शून्य येते, म्हणून तिथे हे घडत नाही.

हसणारे आणि हर्ष मानणारे

कापरेकरांचे सर्वांत प्रसिद्ध झालेले काम ६१७४ या संख्येचे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हीच कृती करत राहा. ४३२१ − १२३४ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे ६१७४ च येत राहते. हा शोध त्यांना १९४६ साली लागला, १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला, आणि १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यावरचे त्यांचे लेख आले.

तरीही आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. परिषदांना ते स्वखर्चाने जात. बऱ्याच पुस्तिका त्यांनी देवळालीहून स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या. निवृत्तीनंतर शिकवण्या करून ते संसाराला हातभार लावत. परदेशात त्यांचे नाव व्हायला मार्च १९७५ उजाडावे लागले. त्या महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले. १९८६ साली देवळालीत त्यांचे निधन झाले. 'गणितानंद' या नावाने त्यांना ओळखणारे लोक नाशिक परिसरात होते.

हसणाऱ्यांचे म्हणणे काय होते, हेही समजून घ्यावे. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी ८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९ या उलट्या अंकांच्या गमतीचा उल्लेख केला आहे. अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितज्ञाला त्यात घेण्यासारखे काही नाही, असे त्यांचे मत. या मताला आधार आहे. अंकांचे हे गुण संख्येपेक्षा आपल्या लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतात. आपण दहाच्या पायावर लिहितो म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१ ही हारासारखी दिसते. आठाच्या पायावर लिहिली, तर तिचा हार राहणार नाही.

आक्षेप मान्य करून एक पाऊल पुढे टाकू. आठाच्या पायावर लिहिलेल्या सात एकांचा वर्ग आठाच्याच पायावर काढला, तर येतो १२३४५६७६५४३२१. चढणे-उतरणे तेच, फक्त शिखर ९ ऐवजी ७. कारण धाग्यांचे छेद पाया कोणता ते विचारत नाहीत. दहाऐवजी य हे अक्षर घेऊन

(१ + य + य²) × (१ + य + य²) = १ + २य + ३य² + २य³ + य⁴

असे लिहिले, की हे बीजगणितातले एक सर्वसामान्य विधान होते. दहा, आठ किंवा कोणताही पाया हे त्याचे विशेष रूप. हातचा कधी येणार, तेवढे पाया ठरवतो. अंकांच्या गमतीपासून सुरुवात करून मुले इथवर पोहोचली, तर त्या गमतीने आपले काम केले असे आम्ही समजतो. वर दिलेली दहा एकांची सिद्धताही अशीच कोणत्याही पायावर नेता येते.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. चौकटीच्या कागदावर नऊ उभ्या आणि नऊ आडव्या रेघा काढून तिरक्या रेघांवरचे छेद मोजावेत. ज्यांच्या घरी माग आहेत अशा मुलांना खऱ्या धाग्यांनी हे करायला सांगावे.

२. ११११ × १११ मध्ये चार उभे आणि तीन आडवे धागे आहेत. आधी आकृतीवरून उत्तर सांगावे, मग गुणाकार करावा. अंकांची बेरीज १२ का येते?

३. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. छेद १२१, अंकांची बेरीज ८५. हातचे किती वेळा आले?

४. ९९ सोडून आणखी दोन दोन अंकी कापरेकर संख्या आहेत. एक वर आली आहे. दुसरी शोधावी.

५. एकोणीस एकांची संख्या कापरेकर संख्या आहे का? गुणाकार न करता, वरची सिद्धता वापरून उत्तर द्यावे. स्प्रेडशीट इथे उपयोगी पडणार नाही.

आमच्या वर्गातल्या मुलीने वहीतले २१ खोडले नव्हते. बाकीच्यांनी आपापले २१ पुन्हा लिहिले, आणि कित्येकांनी पुढची तासिका सुरू होईपर्यंत दहा एकांचा गुणाकार मांडायलाही घेतला होता.